कोठीतली वाघळे : एका वाडा-दुरुस्तीच्या नोंदी

माझ्या माहेरचा वाडा वाई तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. पुढे देवडी आणि चौक, मध्ये माजघर आणि मागच्या अंगाला तीन खणांची धान्याची कोठी अशी त्याची मांडणी असून, धान्य साठवणे थांबल्यापासून गेली पंचवीस वर्षे कोठीत माणसांपेक्षा वटवाघळांचाच वावर अधिक आहे. माझे काका, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, तिथे एकटेच राहतात. वाडा पाडायचा नाही, दुरुस्त करायचा, आणि कोठीतल्या वाघळांना हुसकून न लावता दुरुस्त करायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले. जुने वाडे, देवळे आणि कोठारे दुरुस्त करणाऱ्या इतरांना हीच अडचण येणार आहे, म्हणून या नोंदी ठेवल्या. ज्या दिवशी जे कळले तेच त्या तारखेखाली लिहिले आहे. मागाहून आलेले शहाणपण आधीच्या नोंदींत घुसडलेले नाही.

८ जानेवारी २०२३

कोठीची पहिली पाहणी केली. छप्पर मंगलोरी कौलांचे, त्याखाली सागवानी कडीपाट. मधल्या खणातली एक तुळई वाळवीने आतून पोखरली असून काठीने ठोकल्यावर ती पोकळ वाजते. भिंती दगडाच्या आहेत आणि त्यांना फारसे काही झालेले नाही. परसाकडच्या बाजूला उंचावर एक झरोका आहे, त्याचे दार केव्हाच गळून पडले आहे. वाघळांची ये-जा तिथूनच होते.

टॉर्चचा झोत कडीपाटावर टाकताच सगळी एकदम उडाली आणि मोजणे अशक्य झाले. अंदाजे पन्नास लिहून ठेवले आहे, पण तो आकडा विश्वासाचा नाही. पुढच्या वेळी टॉर्चच्या काचेला लाल जिलेटीन कागद लावायचा आहे.

गवंड्यांच्या म्हणण्यानुसार कोठीचे काम एप्रिल-मे महिन्यांत उरकता येईल, म्हणजे पावसाआधी छप्पर बंद होईल. वाघळांच्या बाबतीत गावातून तीन सल्ले मिळाले: ओल्या गोवऱ्यांचा धूर करा, डांबरगोळ्या टाका, नाहीतर ती बाहेर पडल्यावर झरोका बुजवा. पहिले दोन तिथल्या तिथे नाकारले. तिसरा मला तेव्हा सौम्य वाटला.

२२ जानेवारी

वाघळांना पर्यायी जागा म्हणून तीन लाकडी पेट्या करून घेतल्या. नमुना परदेशी आराखड्यावरून घेतला: खालून उघडी, आत दोन सेंटिमीटर रुंदीच्या दोन उभ्या फटी, फळ्यांना आडव्या खाचा, खाली उतरायला खरखरीत पट्टी. परसातल्या भिंतीवर, पूर्वेकडे तोंड करून, साधारण चार मीटर उंचीवर त्या बसवल्या. लाकूड आणि सुतारकाम मिळून ४,२०० रुपये लागले. कोठी बंद होण्याआधी वाघळे पेट्यांत जातील, अशी अपेक्षा आहे.

५ फेब्रुवारी

पेट्या रिकाम्या आहेत, आणि त्या रिकाम्याच राहणार हे आज समजले.

विष्ठेचे प्रमाण पाहण्यासाठी पंधरा दिवसांपूर्वी कोठीच्या जमिनीवर अण्णांचे जुने धोतर अंथरले होते. आज ते उचलले, तेव्हा त्यावर लेंड्यांबरोबर मोठ्या पतंगांचे पंख, नाकतोड्यांचे पाय, पालीची शेपटी, उंदराचा मागचा पाय आणि बेडकाची मांडी मिळाली. किडे टिपणाऱ्या इवल्या पाकोळ्यांचे, म्हणजे घराच्या फटींत राहणाऱ्या लहान वटवाघळांचे, हे काम असणे शक्य नव्हते. लाल प्रकाशात पाच मिनिटे शांत उभी राहिले, तेव्हा प्राणी नीट दिसला: राखाडी अंग, बुडाशी एकमेकांना जोडलेले प्रचंड कान, नाकावर उभे पान, आणि बाहेर न दिसणारी शेपटी. काढलेली छायाचित्रे वटवाघळांवर काम करणाऱ्या एका मैत्रिणीला पाठवली. तिने तासाभरात उत्तर दिले: लायरोडर्मा लायरा. जुन्या पुस्तकांत हाच प्राणी मेगाडर्मा लायरा या नावाने सापडतो.

इंग्रजीत याला ‘खोटे रक्तपिपासू’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि त्या नावाने त्याचे फार नुकसान केले आहे. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडांत राहतात. आमच्या कोठीतला प्राणी रक्त पीत नाही. तो घुबडासारखी शिकार करतो. मोठे किडे, उंदीर, बेडूक, पाली आणि कधी झोपलेली लहान पाखरे तो उचलतो, ठरलेल्या जागी आणून लटकून खातो आणि नको असलेले भाग खाली टाकतो. धोतरावर पडले होते ते हेच उष्टे.

माझी चूक उघड झाली. फटींच्या पेट्या फटीत अंग दाबून बसणाऱ्या जातींसाठी असतात. हा प्राणी फटीत शिरतच नाही. त्याला छतापासून मोकळे लोंबायचे असते आणि जागेत थेट उडत यायचे असते, त्यामुळे त्याला पेटी देऊन भागणार नाही, काळोखी खोलीच लागेल. कोणती जात आहे हे ओळखण्याआधी मी घर बांधायला घेतले होते. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिले पंधरा दिवस फक्त जमिनीवर कापड अंथरण्यात घालवावेत. त्याला खर्च नाही आणि उत्तर बहुधा तिथेच मिळते.

१९ फेब्रुवारी

वटवाघळांचे आवाज ऐकण्याचे यंत्र ९,५०० रुपयांना घेतले. माणसाच्या कानाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. बहुतेक वटवाघळांचे स्वर त्याच्या पुष्कळ वर असतात आणि हे यंत्र ते आपल्या कानाच्या कक्षेत उतरवते. संध्याकाळी परसात उभी राहिले, तर दिव्याभोवती फिरणाऱ्या पाकोळ्यांची टकटक ताबडतोब ऐकू आली. किडा जवळ आला की ती टकटक जलद होत होत एका घरघरीत मिसळते. अण्णा हे ऐकत अर्धा तास खुर्ची टाकून बसले होते.

कोठीच्या झरोक्यासमोर मात्र पाऊण तास उभी राहूनही यंत्रातून एकही स्वर आला नाही. सलग दोन संध्याकाळी तसेच झाले. वाघळे आपणहून दुसरीकडे गेली असावीत, असा निष्कर्ष मी काढला आणि गवंड्यांना झरोका बंद करायला सांगितले.

२१ फेब्रुवारी

ही नोंद लिहिणे जड जात आहे.

काल दुपारी झरोका विटा आणि मातीने बुजवला. रात्री आठच्या सुमारास अण्णांचा दूरध्वनी आला की कोठीत मोठी फडफड चालू आहे. मी पुण्याहून निघून पोचेपर्यंत साडेअकरा वाजले होते. तोपर्यंत अण्णांनी शेजारच्या मुलाला शिडीवर चढवून अर्ध्या विटा पाडल्या होत्या. उरलेल्या आम्ही काढल्या, दिवे विझवले आणि दूर जाऊन उभे राहिलो. वाघळे एकामागून एक बाहेर पडली.

सकाळी कोठीच्या जमिनीवर दोन मेलेली मिळाली. दोन्ही माद्या होत्या आणि दोन्हींची पोटे फुगलेली होती. जाड हातमोजे घालून त्यांना परसात खोल पुरले.

यंत्र बिघडलेले नव्हते. मैत्रिणीने समजावले ते असे: ही जात फार हळू आवाजात बोलते. तिचे स्वर इतके क्षीण असतात की काही पावलांपलीकडे यंत्राला ते पकडता येत नाहीत. शिवाय शिकारीत ती स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीपेक्षा भक्ष्याच्या हालचालीच्या आवाजावर अधिक विसंबते. मदुराईचे जी. मारिमुथू आणि जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड नॉयवायलर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या वाघळांनी हलणाऱ्या बेडकांवर झेप घेतली, निश्चल बेडकांना मात्र स्पर्श केला नाही. पानांत होणारी खसखस ऐकण्यासाठीच ते एवढे मोठे कान आहेत. यंत्रात शांतता असणे म्हणजे खोली रिकामी असणे नव्हे, ही गोष्ट मला दोन माद्यांच्या मृत्यूनंतर कळली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. या जातीची जोडी नोव्हेंबरच्या सुमारास जमते आणि पिल्ले एप्रिलमध्ये जन्मतात. उंदरापेक्षा फार मोठा नसलेला हा प्राणी पाच महिने गर्भ वागवतो आणि वर्षाकाठी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देतो. उंदीर-घुशींप्रमाणे याची संख्या भराभर भरून निघत नाही. म्हणजे बांधकामासाठी सर्वांना सोयीचे वाटणारे एप्रिल आणि मे हे महिने वाघळांच्या दृष्टीने सर्वात वाईट आहेत.

२६ फेब्रुवारी

कामाचे वेळापत्रक नव्याने मांडले. मे अखेरपर्यंत फक्त पुढचा चौक आणि माजघर करायचे. कोठीला जून संपेपर्यंत हात लावायचा नाही. पावसाळ्यात, पिल्ले उडू लागल्यावर, कोठीच्या तिसऱ्या खणात वाघळांसाठी कायमची खोली आतून तयार करायची. ऑक्टोबरमध्ये त्यांना तिकडे वळवायचे आणि पाऊस संपल्यावर, पुढची जोडी जमण्याआधी, पहिल्या दोन खणांचे छप्पर उतरवायचे.

गवंड्यांना हे पटवायला वेळ लागला, कारण त्यांना परांची दोनदा बांधावी लागणार आणि सामान दोनदा आणावे लागणार. पोखरलेल्या तुळईला तोवर टेकू हवेत आणि कौलांवर ताडपत्री हवी. त्याचे ५,६०० रुपये झाले. बुजवणे आणि पुन्हा फोडणे यांत दोन दिवसांची मजुरी, ३,८०० रुपये, फुकट गेली.

१२ मार्च

मोजणीचा प्रश्न सुटला. अंधारात पाहणारा साधा पाळत-कॅमेरा, कार्डासह ३,४०० रुपयांना, झरोक्याच्या बाहेर दोन मीटरवर लावला. त्याचा प्रकाश आपल्याला दिसत नाही आणि वाघळांनाही त्याचा त्रास झालेला दिसला नाही. रात्रीचे चित्रण सकाळी संथ गतीने पाहून बाहेर जाणारी वजा आत येणारी असा हिशेब ठेवायचा. सलग तीन रात्रींत सर्वाधिक आकडा ३४ आला. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, पुरता काळोख पडल्यावरच ती निघतात. मी पूर्वी दिवेलागणीलाच वाट पाहून परतत असे, तीही चूकच होती. यंत्राआधी हा कॅमेरा घेतला असता तर फेब्रुवारीतली घटना टळली असती.

१६ एप्रिल

पिल्ले दिसू लागली. दुसरा कॅमेरा उसना आणून कोठीत, छताकडे तोंड करून, दुपारी वाघळे झोपेत असताना न बसवता रात्री ती बाहेर गेल्यावर बसवला होता. चित्रणात आईच्या पोटाला चिकटलेले पिल्लू उलट्या दिशेने, म्हणजे आईच्या डोक्याकडे पाय करून, लटकलेले दिसते. या कुलातल्या माद्यांना छातीवरच्या दोन दूध देणाऱ्या स्तनाग्रांखेरीज पोटाच्या खालच्या भागात आणखी दोन उंचवटे असतात. त्यांत दूध नसते. पिल्लाने तोंडात धरून लोंबण्यासाठीच ते असतात. आई पिल्लासह उडते तेव्हा पिल्लाची पकड तिथे असते. आईचे स्वतःचे लटकणेही असेच बिनकष्टाचे आहे: शरीराच्या भारानेच पायाच्या शिरा ताणल्या जाऊन नखे मिटतात आणि मिटलेलीच राहतात, म्हणून झोपेत पकड सुटत नाही. सोडताना मात्र तिला प्रयत्न करावा लागतो.

एकूण बारा ते चौदा पिल्ले असावीत. नेमकी संख्या मोजण्यासाठी आत शिरण्याचा मोह आवरला.

७ मे

माजघराचे छप्पर उतरवण्याचे काम चालू आहे. तीन रात्री कोठीतून जेमतेम दहा-बारा वाघळे बाहेर पडली, आणि तीही मध्यरात्रीनंतर. कारण शोधायला दोन दिवस गेले. कामगार रात्री सामान चोरीला जाऊ नये म्हणून चौकात मोठा हॅलोजन दिवा लावून झोपत होते आणि त्याचा उजेड परसातल्या चिंचेवरून परतून झरोक्यावर पडत होता. या जातीला उजेड मुळीच चालत नाही. दूध पाजणाऱ्या माद्या तीन रात्री अर्धपोटी राहिल्या असतील. दिवा काढून देवडीत, रस्त्याकडे तोंड करून लावला. त्याच रात्री आकडा पूर्ववत झाला.

११ जून

वळवाच्या दोन सरी झाल्या आणि धोतरावरचे चित्र पालटले. मार्च-एप्रिलमध्ये पतंग, पाली आणि उंदीर अधिक असत; या आठवड्यात तांबूस-तपकिरी भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांचा अक्षरशः सडा पडला आहे. मूठभर पंख घेऊन अण्णा बांधावर गेले आणि शेजारच्या ऊस-हळदवाल्या शेतकऱ्यांना दाखवून आले. ते हुमणीचे भुंगेरे आहेत, याबद्दल कोणालाही शंका राहिली नाही.

हुमणीची अळी जमिनीत राहून उसाची मुळे खाते. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येऊन कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, तिथे त्यांची जोडी जमते आणि मग माद्या पुन्हा मातीत अंडी घालतात. म्हणून याच दिवसांत शेतकरी प्रकाश सापळे लावतात आणि फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतात. आमची वाघळे त्याच झाडांवर, त्याच वेळी, पाला कुरतडण्याचा आवाज ऐकून तेच काम करत आहेत. अंडी घालण्याआधी उचललेली एक भुंगेरी म्हणजे मुळाशी न पोचलेल्या कितीतरी अळ्या होत, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एवढ्यावरून वाघळांनी शिवारातली हुमणी आटोक्यात आणली, असे मी म्हणणार नाही; तीस-पस्तीस प्राण्यांकडून ती अपेक्षाही नाही. आणि धोतरावर आतापर्यंत चिमणीएवढ्या पाखरांची पिसे तीनदा मिळाली, हेही लिहिले पाहिजे. पण ज्यांनी जानेवारीत मला धुराचा सल्ला दिला होता, त्यांतले दोघे आज संध्याकाळी झरोक्याखाली उभे राहून मोजायला आले होते. एवढा बदल माझ्या कोणत्याही बोलण्याने झाला नव्हता. तो पंखांच्या त्या मुठीने झाला.

२८ जून

यंदा पाऊस फार लांबला आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकदाचा आला. पुढच्या भागाची कौले बसवायला त्यामुळे जादा दिवस मिळाले.

पिल्ले उडू लागली आहेत. काल रात्रीचा आकडा ४४. बाहेर पडताना लहानांचे उडणे डगमगते आणि ती झरोक्याच्या चौकटीवर आपटतात, म्हणून खालच्या काठावर उभे राहिलेले दोन जुने खिळे काढून टाकले.

१६ जुलै

तिसऱ्या खणातली खोली बांधायला घेतली. मधली भिंत विटांची, दार कुलूपबंद, परसाकडे नवा झरोका ४५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच. झरोक्याच्या आत दीड मीटरवर एक आडोशाची भिंत घेतली, म्हणजे वाघूळ वळसा घेऊन आत येईल आणि उजेड मात्र तिथेच अडेल.

३० जुलै

छताच्या बाबतीत मोठी चूक झाली, आणि ती सुतारांची नसून माझी आहे. त्यांनी नव्या फळ्यांना आरशासारखा रंधा मारला, वर वाळवीचे औषध दोनदा चोपडले आणि अत्यंत निगुतीने छत बसवले. कोणत्याही चांगल्या कारागिराने हेच केले असते. मी त्यांना सांगायला हवे होते की या छताला पाय अडकवून प्राणी लटकणार आहेत, म्हणून ते खरखरीत हवे. आणि वाघळे आपले पंख व अंग चाटून साफ करतात, म्हणून लाकडाला लागलेले विष थेट त्यांच्या पोटात जाईल.

सगळ्या फळ्या उतरवल्या. मजुरी धरून ६,५०० रुपयांचे नुकसान झाले आणि बारा दिवस गेले. आता माजघराच्या दुरुस्तीत निघालेल्या जुन्या सागवानी फळ्या तिथे लावत आहोत. त्यांच्यावर जुन्या सुतारांच्या वाकसाचे घाव अजून स्पष्ट आहेत आणि शंभर वर्षांत त्यांना वाळवी लागलेली नाही.

२० ऑगस्ट

महिनाभर पाऊस जवळजवळ नाहीच. शेतीसाठी ते वाईट आहे, पण आमची भिंत लवकर सुकली.

दोन्ही खोल्यांत तापमापक ठेवले होते. जुन्या जागेत कडीपाटाशी दुपारी २९ ते ३१ अंश असते; नव्या खोलीत २५ च्या वर जात नाही, कारण झरोका उंच असल्याने वर चढलेली गरम हवा सरळ बाहेर पडते. उपाय म्हणून छताच्या मध्यभागी, चारही बाजूंनी फळ्या खाली सोडून, ६० सेंटिमीटर खोलीची उलट्या हौदासारखी जागा केली. गरम हवा त्यात अडकून राहते. आता तिथे २८ अंश मिळतात.

१० सप्टेंबर

मधल्या खणातली विष्ठा काढली. पंचवीस वर्षांचा थर काही ठिकाणी गुडघ्याएवढा होता. जुन्या कोरड्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते आणि धुळीबरोबर ती फुप्फुसांत गेल्यास आजार होतो, म्हणून आधी झारीने हलके पाणी शिंपडून थर ओलसर केला आणि मगच फावडे लावले. प्रत्येकाला एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि काम संपताच अंघोळ, हा नियम ठेवला. एका मजुराने उकाड्यामुळे मुखपट्टी काढली, तेव्हा त्या दिवसाचे काम तिथेच थांबवले. एकूण एकोणीस पोती भरली. नत्र आणि स्फुरद भरपूर असलेले हे खत थेट झाडाला घातल्यास मुळे करपतात. ते माती आणि पालापाचोळ्यात मिसळून परसात खड्ड्यात मुरत ठेवले आहे.

१७ सप्टेंबर

केरळात कोझिकोड जिल्ह्यात निपाह विषाणूचे रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या आणि गावात भीती पसरली. त्यात आपल्या शेजारच्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांची जुनी बातमी पुन्हा फिरू लागली. चार जण अण्णांकडे येऊन, कोठी पेटवून द्या, असे म्हणाले.

त्यांची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हटले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळे तपासली होती आणि काहींमध्ये निपाहविरोधी प्रतिपिंडे सापडली, हे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले, हे खरे आहे. निपाहचे मुख्य यजमान मोठी फलाहारी वटवाघळे आहेत आणि आमची जात फळे खात नाही, हेही सांगितले. पण तेवढ्यावर न थांबता काय करायचे ते ठरवले. वाघळाला, जिवंत वा मेलेल्या, उघड्या हाताने कोणी शिवायचे नाही. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. कोणत्याही प्राण्याने उष्टावलेले फळ खायचे नाही. खोलीचे दार कुलूपबंद राहील आणि माजघराच्या बाजूच्या सगळ्या फटी चुन्याने भरून घेतल्या जातील. घाबरलेली वाघळे पेटवलेल्या कोठीतून गावभर पांगतील आणि घराघरांच्या माळ्यांवर जाऊन बसतील, हे अण्णांनी सांगितले तेव्हा मंडळी परत गेली.

१५ ऑक्टोबर

स्थलांतराचा पहिला प्रयत्न फसला. सगळी बाहेर पडल्यावर, कॅमेऱ्यात दोनदा मोजून खात्री करून, जुन्या झरोक्याला सैल पडदा लावला: बाहेर पडता येईल, आत शिरता येणार नाही असा. पहाटे परतलेली वाघळे नव्या झरोक्याभोवती घिरट्या घालून निघून गेली. सकाळी ती शेजाऱ्यांच्या पडक्या गोठ्यात सापडली.

१९ ऑक्टोबर

चार दिवसांत तीन बदल केले. जुना झरोका पुन्हा उघडला, म्हणजे त्यांना परतायला ओळखीची वाट राहिली. जुन्या खणांच्या परसाकडच्या खिडक्या उघडून तिथे दिवसाचा उजेड येऊ दिला. आणि मधल्या भिंतीत वरच्या बाजूला दोन विटांच्या जागा काढून नव्या खोलीकडे आतून वाट दिली. शिवाय जुन्या जागेची मूठभर विष्ठा नव्या खोलीच्या जमिनीवर टाकली, वासाने ओळख पटावी म्हणून. तिचा उपयोग झाला की नाही हे सांगता येणार नाही.

आज दुपारी नव्या खोलीच्या उलट्या हौदात सात लटकलेली दिसली.

२९ ऑक्टोबर

नव्या खोलीत २६. जुन्या खणांत सलग तीन दिवस एकही नाही. मधल्या भिंतीतली वाट दिवसा, आत शिरून नव्हे तर बाहेरच्या बाजूने, बुजवली. उद्यापासून जुने छप्पर उतरेल.

१७ डिसेंबर

कोठीच्या पहिल्या दोन खणांचे छप्पर पूर्ण झाले; पोखरलेली तुळई बदलली. काल रात्री नव्या झरोक्यातून २९ वाघळे बाहेर पडली. जूनमधल्या ४४ पैकी उरलेली कुठे गेली, हे मला सांगता येत नाही. शेजाऱ्यांच्या गोठ्यात पाच आहेत आणि त्यांनी ती राहू द्यायचे कबूल केले आहे.

वाघळांमुळे वाढलेला खर्च असा: खोलीचे बांधकाम ३६,७०० रुपये, सामान आणि परांची दुसऱ्यांदा आणण्याचे १४,०००, टेकू व ताडपत्री ५,६००, कॅमेरा ३,४००. यांखेरीज पेट्या, आवाजाचे यंत्र, झरोका बुजवणे-फोडणे आणि रंधा मारलेल्या फळ्या यांवर २४,००० रुपये गेले, जे जात आधी ओळखली असती तर वाचले असते. वेळ सात महिन्यांनी वाढला.

परसातल्या तीन पेट्यांपैकी एकीत गांधीलमाश्यांनी पोळे केले आहे आणि दोन रिकाम्या आहेत. पाकोळ्या त्यांत न जाता देवडीवरच्या जुन्या पाटीमागेच राहतात. देवडीला रंग द्यायचा बाकी आहे. ती पाटी काढायची की नाही, हे पाकोळ्यांची पिल्ले केव्हा होतात ते पाहून ठरवू. तिच्याखाली आजपासून धोतराचा उरलेला तुकडा अंथरला आहे.